कोपऱ्यातला स्पीकर आणि दहा बाय अकराची खोली

आज स्पीकरबद्दल, म्हणजे खरं तर खोलीबद्दल.

बाबांचे जुने स्पीकर, एकेकात बारा इंची वूफर, गावच्या घराच्या लांबलचक सोप्यात कित्येक वर्षं वाजत होते. गेल्या वर्षी मी ते पुण्याच्या फ्लॅटवर आणले, जागा वाचवायला दोन कोपऱ्यांत सरकवले, आणि डग्गा नुसता घुमायला लागला. बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, "खराब झाले रे. दे भंगारात." मी भंगारवाल्याला फोनही केला होता.

मधल्या दोन दिवसांत मी थोडा इतिहास वाचला.

1895 मध्ये हार्वर्डच्या फॉग संग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह उघडलं आणि तिथे कुणाचं बोलणंच कळेना. शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळायचा. वॉलेस सबीन नावाच्या तरुण प्राध्यापकाने सँडर्स थिएटरच्या खुर्च्यांवरच्या गाद्या उचलून आणल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि रात्री सामसूम झाल्यावर आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजत बसला. खोलीचं घनफळ वाढलं की घुमणं वाढतं, आवाज शोषणाऱ्या वस्तू वाढल्या की कमी होतं, हे त्याने सूत्रात बसवलं. 1900 चा बॉस्टनचा सिम्फनी हॉल त्याच्याच सल्ल्याने बांधला.

पण हे झालं सभागृहाचं. छोट्या खोलीत खर्जाचं दुखणं निराळं असतं. 40 हर्ट्झच्या ध्वनीलहरीची लांबी साडेआठ मीटर, ती माझ्या खोलीत मावतच नाही! दहा फूट अंतरावरच्या दोन भिंतींमध्ये साधारण 56 हर्ट्झची अर्धी लहर नेमकी बसते आणि तो सूर फुगतो. अकरा फुटांना 51, साडेनऊ फुटी छताला 59. तिन्ही एकमेकांना चिकटलेले. म्हणजे चौकोनी डब्यासारखी खोली सगळ्यात वाईट, आणि आपले बिल्डर तशीच बांधतात. (अंड्यांचे ट्रे चिकटवून इथे काही होत नाही, उगाच खर्च करू नका.)

कोपऱ्याचा फायदा एकाने मुद्दाम घेतला होता. अमेरिकेतल्या पॉल क्लिप्शने 1940 च्या दशकात असा भोंगा बनवला, ज्यात कोपऱ्याच्या भिंती भोंग्याचाच पुढचा भाग होतात. पेटी मात्र कपाटाएवढी. 1954 मध्ये एडगर विल्चरने छोट्या बंद पेटीतली हवाच स्प्रिंगसारखी वापरून खोल खर्ज काढला. 1958 पासून स्टीरिओ रेकॉर्ड मिळू लागल्या, घरात एकाऐवजी दोन पेट्या हव्या झाल्या, आणि लहान पेटीचं फावलं. मग 1974 मध्ये रॉय अॅलिसनने दाखवलं की तोच स्पीकर भिंतीपासून किती लांब आहे यावर त्याचा खर्ज बदलतो.

म्हणजे स्पीकर ठणठणीत होते. गावच्या सोप्याची एक बाजू उघडी, खर्ज अंगणात निघून जायचा. इथे मीच त्याला कोपऱ्यात कोंडला होता.

स्पीकर दोन फूट पुढे ओढले, खुर्ची मागच्या भिंतीपासून हलवली. भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. दिवाळीत बाबा आले, भीमसेनांची एक अख्खी बाजू ऐकली आणि न बोलता रेकॉर्ड उलटवली. आई म्हणते, खोलीत चालायला जागा उरली नाही. तिचं बरोबर आहे.