परवाना, पाकीट आणि बोंडअळी

संगणकाच्या इतिहासात एक जुना वाद आहे. ज्या कंपनीने ऑपरेटिंग सिस्टिम तयार केली, तिने ती इतरांना परवान्यावर द्यावी की स्वतःच्या यंत्रापुरती राखावी? मायक्रोसॉफ्टने १९८१ साली आयबीएमला दिली, पण इतरांना विकण्याचा हक्क हातात ठेवला आणि ती सगळीकडे पोचली. ॲपलने १९९५मध्ये दुसऱ्यांना मॅकिंतोशसारखी यंत्रे बनवू दिली. ती स्वस्त यंत्रे ॲपलचेच गिऱ्हाईक ओढू लागली, तेव्हा परत आलेल्या स्टीव्ह जॉब्ज यांनी १९९७मध्ये परवाने बंद केले. मायक्रोसॉफ्ट तेव्हा संगणक विकत नव्हती, ॲपल विकत होती. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे.

आता तुम्ही म्हणाल, बीडच्या मास्तराला याचे काय? तर हाच प्रश्न आमच्याकडे कपाशीच्या बियाण्यावरून उभा राहिला.

शेजारच्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको स्थापन केली. मॉन्सँटोशी भागीदारी करून तिने बोंडअळीला मारणारे बीटी जनुक आणले. मार्च २००२मध्ये सरकारने त्याला मान्यता दिली. (त्याआधीच, २००१ साली, गुजरातेत विनापरवाना बीटी कपाशी शेतात सापडली होती. नक्कल करणारा परवान्याची वाट पाहत नाही!) महिको स्वतः बियाणे विकत होती, म्हणजे तिची जागा ॲपलची. तरीही जनुकाचा परवाना चाळीसहून अधिक कंपन्यांना मिळाला. प्रत्येकीने आपापल्या वाणात ते उतरवले, आणि मोंढ्यातल्या दुकानांत रंगीबेरंगी पाकिटांची रास लागली.

परवाना दिला हे मला बरोबरच वाटते. एकाच कंपनीच्या हाती राहते, तर चोरट्या बियाण्याचाच बाजार झाला असता. दुखणे होते ते शुल्काचे. सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत सोळाशेच्या वर आणि त्यातले सुमारे साडेबाराशे रुपये जनुकाचे! आंध्र सरकारने मक्तेदारी आयोगाकडे तक्रार केली आणि २००६मध्ये तिथे पाकीट ७५० रुपयांवर आले. पुढे २०१६मध्ये केंद्राने जनुकाचे शुल्क ४९ रुपये ठरवले.

पण दुसरी गोष्ट शुल्काहून मोठी, आणि तिच्याकडे कुणाचे फारसे लक्ष नव्हते. गेवराई-माजलगावचा शेतकरी दुकानात दहा नावांतून एक निवडायचा, दरवर्षी कंपनी बदलायचा. नाव बदले, आतले जनुक तेच. २००६नंतर त्याला दुसऱ्याची जोड मिळाली, तीही सगळ्यांना सारखीच. बांधालगत लावायचे नॉन-बीटीचे छोटे पाकीट सोबत मिळे, पण ते कोण पेरतो? जागा वाया जाते, असा हिशेब. त्यात फरदड घ्यायची सवय. अळीला वर्षभर तेच खाद्य मिळत गेले आणि ती त्याला सरावली.

२०१७च्या खरिपात गुलाबी बोंडअळी आली. वरून बोंड हिरवेगार, फोडले की आत किडकी सरकी आणि पिवळा पडलेला कापूस. शेजाऱ्याचे वाण दुसऱ्या कंपनीचे, म्हणून त्याचे वाचले असे कुठे झाले नाही. पंचनामे झाले, अनुदानाच्या याद्या लागल्या. २०२० साली सरकारने जनुकाचे शुल्क शून्यावर आणले. गावोगाव कामगंध सापळे लावणे त्याच्या आधीच सुरू झाले होते.