लक्ष्मीची साडी आणि रुक्मिणीचा गजरा



देव्हाऱ्यात, दुकानात, कॅलेंडरवर आपण लक्ष्मीचं चित्र रोज बघतो. कमळावर उभी, चार हात, अंगावर जरीकाठाची साडी. लक्ष्मी अशीच दिसते असं आपण धरून चालतो. पण हे रूप घरोघरी पोचवलं ते राजा रविवर्मा या चित्रकारानं.

रविवर्मा केरळातल्या किळिमानूरचे, जन्म १८४८चा. त्यांनी पुराणातल्या कितीतरी नायिकांना आपल्याकडची नऊवारी नेसवली. आधी अशी तैलचित्रं राजवाड्यांत लागायची. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एकेका रंगासाठी वेगळा दगड, आणि एकाच कागदावर एकामागून एक छाप. अशी छापलेली स्वस्त चित्रं मग साध्या घरांतही आली.

तोच काळ संगीत नाटकांचा. बाईनं रंगमंचावर जाणं तेव्हा कमीपणाचं मानत, म्हणून तिची कामं पुरुष करत. त्यांत सगळ्यांत गाजले नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व. १९११च्या 'मानापमान'मधली भामिनी, १९१६च्या 'स्वयंवर'मधली रुक्मिणी! त्यांची साडी नेसायची ढब, त्यांचा गजरा शहरातल्या बायका उचलू लागल्या. १९१९ मध्ये 'एकच प्याला' आलं. त्यात दारुड्या नवऱ्याच्या संसारात जात्यावर दळणारी सिंधूही त्यांनीच उभी केली. सिंधूचं दुःख आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आम्हाला इथं एक गोष्ट महत्त्वाची वाटते. बाईचं चित्र पुरुषानं काढलं, बाईची भूमिका पुरुषानं केली, आणि बाईनं कसं दिसावं ते त्यावरून ठरत गेलं. कलाकार थोर होते, यात शंका नाही. पण बाई स्वतः कुठं होती?

तीही होतीच. हिराबाई पेडणेकरांनी 'संगीत दामिनी' हे नाटक लिहिलं. मळवलीच्या त्याच छापखान्यात काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' या १९१३च्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई पडद्यावर आल्या. लोकांची बोलणी सोसून आल्या.

आता आपल्या गटाच्या पापडाच्या, मसाल्याच्या पाकिटावर चित्र छापायची वेळ येते. छापखानेवाला तयार चित्रं दाखवतो: गोरी, दागिन्यांनी मढलेली, हसरी गृहिणी. ते घ्यायचं की उन्हात पापड वाळत घालणारी आपल्यातलीच बाई छापायची? पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या. पाकीट आपलं आहे, चित्रही आपणच ठरवू या.