सोनेरी छप्पर, आंब्रास, हाफेलेकार: इन्सब्रुक बघण्याचा मागोवा

इन्सब्रुकचं प्रसिद्ध सोनेरी छप्पर हे मुळात प्रेक्षकांचा सज्जा आहे. सम्राट पहिला माक्सिमिलियान याने १५०० च्या सुमारास गावातल्या जुन्या राजवाड्याच्या दर्शनी भागाला हा सज्जा जोडून घेतला आणि त्यावर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या २,६५७ कौलांचं छप्पर चढवलं. खालच्या चौकात खेळ आणि मिरवणुका चालत. सम्राट वरून त्या बघे आणि गाव सम्राटाला बघे. सज्ज्यावरच्या शिल्पांतही हेच चाललेलं आहे. एका चौकटीत सम्राट आपल्या दोन राण्यांसह बसला आहे, एक हयात बियांका मारिया स्फोर्झा आणि दुसरी कधीच वारलेली बर्गंडीची मारी. शेजारच्या चौकटीत त्याच्या एका बाजूला प्रधान आहे, दुसऱ्या बाजूला विदूषक. आजूबाजूला नर्तक अंग असं काही पिळवटून नाचताहेत की दगडात हे कसं साधलं असेल असं वाटावं. मूळ शिल्पं आता फर्डिनांडेउम संग्रहालयात सुरक्षित आहेत, सज्ज्यावर प्रतिकृती आहेत.

आल्प्समधल्या शहरात लोक डोंगर बघायलाच जात असणार, अशी आपली समजूत असते. इन्सब्रुकचा इतिहास वेगळं सांगतो. गाव समुद्रसपाटीपासून ५७४ मीटरवर आणि त्याच्या अगदी उशाशी नॉर्डकेटे डोंगररांगेची २,३०० मीटरच्या वर चढलेली भिंत. तरीही पाहुण्याला काय दाखवायचं या यादीत ही भिंत शेकडो वर्षं जवळजवळ नव्हतीच. इन नदीवरचा पूल आणि ब्रेनरची खिंड यांमुळे गाव वसलं. व्हेनिस आणि आउग्सबुर्गमधले व्यापारी, धर्मयात्री, राजदूत इथे मुक्कामाला थांबत. डोंगर म्हणजे त्यांच्या वाटेतली अडचण, एकदाची ओलांडून मोकळं व्हावं अशी. याला एक सुंदर अपवाद आहे. चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याने १४९५ च्या सुमारास नदीपलीकडून गावाचं जलरंगातलं चित्र काढलं. ते जेमतेम पोस्टकार्डापेक्षा थोडं मोठं आहे. पाण्यात उतरलेली बुरुजांची प्रतिबिंबं आणि मागे बर्फाचे डोंगर. पण ती चित्रकाराची नजर होती. सामान्य प्रवाशाला ती यायला अजून तीनशे वर्षं लागायची होती.

सामान्य प्रवाशाच्या वाट्याला काय यायचं ते मोंतेन्यच्या प्रवास-रोजनिशीत सापडतं. हा थोर फ्रेंच निबंधकार १५८० च्या शरद ऋतूत इटलीला जाताना इन्सब्रुकला थांबला. त्याने राजदरबाराच्या चर्चमधले ब्राँझचे पुतळे पाहिले आणि शेजारच्या हाल गावी मीठ कसं तयार करतात ते पाहिलं. म्हणजे एक कला आणि एक कारखाना. आजच्या सहलीचा आराखडा याहून फार वेगळा नसतो.

ते पुतळे आजही तिथेच आहेत. माक्सिमिलियानने स्वतःच्या समाधीभोवती उभे करण्यासाठी ते योजले होते. ठरवले होते चाळीस, झाले अठ्ठावीस. माणसापेक्षा मोठे, काळेभोर, त्याचे खरे आणि मानलेले पूर्वज व आप्त. त्यातला राजा आर्थर ड्यूररच्या आराखड्यावरून ओतलेला आहे. गावकरी सगळ्यांना मिळून ‘काळे पुरुष’ म्हणतात, जरी त्यांत आठ स्त्रिया आहेत. जवळून पाहिलं तर काळ्या धातूवर मधेच एखादी जागा पिवळीधमक चकाकताना दिसते. येणारा-जाणारा हात लावून जातो, शतकानुशतकं. समाधी मात्र रिकामी आहे. आयुष्याच्या अखेरीस सम्राटाची उधारी एवढी थकली होती की इन्सब्रुकच्या खाणावळवाल्यांनी त्याच्या लवाजम्याला थारा दिला नाही. १५१९ मध्ये तो वेल्सला वारला आणि त्याला व्हिनर नॉयश्टाटमध्ये पुरलं. चर्च तर त्याच्या नातवाने, पहिल्या फर्डिनांडने, पुढे १५५३ ते १५६३ या काळात बांधून घेतलं. पाहण्याजोगी वास्तू आणि तिच्या मालकाचं नशीब यांची अशी ताटातूट क्वचितच झाली असेल.

मोंतेन्यला आणखी एक गोष्ट हवी होती, ती मिळाली नाही. टिरोलचा आर्चड्यूक दुसरा फर्डिनांड याची भेट. हा फर्डिनांड वरच्या फर्डिनांडचा मुलगा. त्याचा मुक्काम गावाबाहेरच्या आंब्रास किल्ल्यावर असे. माझ्या मते पर्यटनाचा खरा मूळपुरुष शोधायचा तर आंब्रासलाच जावं लागतं.

फर्डिनांडने आउग्सबुर्गच्या व्यापारी घराण्यातल्या फिलिपीने वेल्झरशी १५५७ मध्ये गुपचूप लग्न केलं. तिच्यासाठी त्याने हा जुना किल्ला सजवला आणि किल्ल्याच्या खालच्या अंगाला खास संग्रहासाठीच इमारती उभारल्या. मौल्यवान चीजा राजांकडे नेहमीच असत, पण पेट्यांत आणि खजिन्यांत बंद. इथे छतापर्यंत पोचणारी अठरा कपाटं खोलीच्या मधोमध मांडली होती, दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून उजेड थेट वस्तूंवर पडेल अशी. वस्तू लावल्या त्या द्रव्यानुसार: सोन्याचं एक कपाट, चांदीचं एक, पोवळ्यांचं एक. प्रत्येक कपाटाचा आतला रंगही वेगळा, वस्तू उठून दिसावी म्हणून. शस्त्रागारात नामांकित सेनापतींची चिलखतं, ती कुणाची हे सांगणाऱ्या माहितीसह. या चिलखतांचा सचित्र ग्रंथ १६०१ मध्ये लॅटिनमध्ये छापून निघाला. संग्रहालयाचा छापील सचित्र कॅटलॉग म्हणून त्याला पहिलेपणाचा मान देतात. ड्रॅक्युलाच्या पुस्तकांत हमखास छापतात ते वालाकियाचा राजा व्लाद याचं चित्र, मोठे डोळे, लांब मिशा आणि मोत्यांची टोपी, तेही आंब्रासचंच.

पण नुसतं बघून पाहुणा तृप्त होत नाही, हेही फर्डिनांडने ओळखलं होतं. किल्ल्याच्या बागेत एक गुहा आहे, मद्यदेव बाकसच्या नावाची. पाहुण्याला तिथे नेऊन लोखंडी खुर्चीवर बसवत. बसताक्षणी खुर्चीच्या पट्ट्या त्याला जखडून टाकत. सुटका हवी तर वाइनचा पेला एका दमात रिकामा करायचा. पुरुषांसाठी पिंपाच्या आकाराचा पेला, स्त्रियांसाठी नावेच्या आकाराचा. पार पडलं की वहीत नाव, तारीख, एखादं बोधवाक्य किंवा दोन ओळी लिहायच्या. १५६७ पासूनच्या या वह्या जपून ठेवलेल्या आहेत. मला त्या फार मोलाच्या वाटतात. एखाद्या ठिकाणी जायचं, तिथलं काहीतरी अंगावर घ्यायचं आणि आपण येऊन गेलो याची नोंद ठेवायची, हे तिन्ही भाग तिथे एकत्र आले आहेत. राजघराण्यातली माणसं, बिशप, सरदार, सगळ्यांच्या सह्या. नियम सगळ्यांना एकच होता.

डोंगर या यादीत शिरला तो फार उशिरा. १७८६ च्या सप्टेंबरात जर्मन कवी गटे इथून गेला तेव्हा कड्यांमधल्या या गावाच्या देखणेपणाची त्याने दखल घेतली, पण इटलीची ओढ इतकी की तो त्याच दिवशी ब्रेनरकडे निघाला. १८५८ मध्ये कुफ्श्टाइनहून आगगाडी आली, १८६७ मध्ये ब्रेनर ओलांडून रूळ दक्षिणेला गेले, त्याच दशकात गिर्यारोहकांचे संघ निघाले. आता खिंड काही तासांत ओलांडता येऊ लागली. अडचण संपली आणि मग डोंगराकडे निवांत बघायला माणसाला उसंत मिळाली. १९०६ मध्ये गावातून हुंगरबुर्गच्या पठारावर तारेने ओढलेली रेल्वे चढू लागली. तिच्या खालच्या स्थानकाजवळच एका गोल इमारतीत १८०९ च्या बेर्गीझेल टेकडीवरच्या लढाईचं सुमारे हजार चौरस मीटरचं चित्र लावलं होतं. एकाच फेरीत इतिहासही आणि उंचीही.

१९२८ मध्ये हुंगरबुर्गपासून थेट नॉर्डकेटेवरच्या हाफेलेकारपर्यंत रोपवे झाला. फ्रांझ बाउमान या वास्तुशिल्पीने तिन्ही स्थानकं डोंगराच्या उतारात अशी बसवली की ती आजही परकी वाटत नाहीत. शहरातल्या फुटपाथवरून निघून अर्ध्या तासाच्या आत २,२०० मीटरच्या वर पोचता येणं ही तेव्हा केवढी गोष्ट असेल! आणि ती फक्त हौशी लोकांच्या कामी आली नाही. विश्वकिरणांचा शोध लावणारे व्हिक्टर हेस १९३१ मध्ये इन्सब्रुकला प्राध्यापक म्हणून आले, त्यांनी हाफेलेकारवरच आपलं मोजणी-केंद्र थाटलं. १९३६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पर्यटकांची तिकिटं आणि भौतिकशास्त्राची उपकरणं एकाच पाळण्यातून वर गेली.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. १९६४ च्या हिवाळी ऑलिंपिकला बर्फच पडेना, तेव्हा ऑस्ट्रियाच्या सैनिकांनी डोंगरावरून बर्फ वाहून आणला. कोलोरॅडो राज्याच्या मतदारांनी डेन्व्हरच्या खेळांचा खर्च नाकारल्यामुळे १९७६ चे खेळही इन्सब्रुकलाच आले. वास्तुशिल्पी झाहा हदीद यांनी आधी बेर्गीझेलवरचा स्की-उडीचा मनोरा नव्याने उभारला, मग २००७ मध्ये हुंगरबुर्ग रेल्वेची नवी स्थानकं.

आपल्याकडच्या युरोप सहलींत इन्सब्रुक हमखास असतं. सोनेरी छपरापुढे फोटो, थोडा मोकळा वेळ आणि मग वाटेन्स गावातलं स्वारोव्स्कीचं स्फटिकविश्व. कंपनीला शंभर वर्षं झाली तेव्हा, १९९५ मध्ये, आंद्रे हेलर या कलावंताने ते रचलं. एकामागून एक अंधारी दालनं आणि त्यांत उजेडात ठेवलेले चमत्कार, ही कल्पना त्याने आंब्रासच्या अद्भुत-वस्तूंच्या दालनांवरूनच घेतली. म्हणजे आपली मंडळी नातवाला भेटून येतात आणि आजोबांच्या दारावरून पुढे जातात. दारावरून हे अक्षरशः खरं आहे: इन्सब्रुकहून वाटेन्सकडे जाणारा महामार्ग आंब्रास किल्ल्याच्या पायथ्यालगत जातो. सहल आखणाऱ्यांनी तिथे दोन तासांची सोय करावी, आणि ते करत नसतील तर जाणाऱ्यांनी मागून घ्यावी.