गारगोटीच्या पात्याची कुळकथा

नेवासे म्हटलं की ज्ञानेश्वरी आणि पैसाचा खांब आठवतो. पण तिथल्याच प्रवरा नदीची दरड खालून वर पाहत गेलं, तर माणसाच्या हाताची त्याहून फार जुनी कामगिरी दिसते.

1954 ते 56 मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी इथे उत्खनन केलं. तळाच्या वाळूगोट्यांत काळ्या पाषाणाच्या ओबडधोबड हातकुऱ्हाडी होत्या. वरच्या थरात त्या नव्हत्या. होत्या त्या तळहातात मावणाऱ्या तासण्या, टोकदार हत्यारं, भोकं पाडायची टोकं. दगडही बदलला होता: काळ्या पाषाणाऐवजी गारगोटी. मधल्या पुराश्मयुगाच्या या घडणीला पुढे गावाचंच नाव मिळालं, 'नेवासियन'.

आपल्याकडे युरोपातल्या चुनखडीतला फ्लिंट हा हत्यारांचा दगड नाही. आहे ती गारगोटी. लाव्हारस थिजताना त्यात राहिलेल्या पोकळ्यांत सिलिका साचत गेली आणि गारगोटी, अकीक, जास्पर तयार झाले. कण इतके बारीक की ठोका बसला की शिंपल्यासारखा ढलपा सुटतो आणि त्याची कड कातडं कापते. गोटे मात्र लहान, म्हणून हत्यारंही लहान.

या दगडाचं सगळ्यात देखणं काम नेवाशाच्याच लाडमोड टेकाडावर, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या वस्तीत सापडलं. आधी गोट्याच्या एका बाजूला दोन्हीकडून आलटून-पालटून ढलपे काढून उभा कणा करायचा. मग कण्याच्या टोकाशी नेमका दाब किंवा ठोका. कण्यासकट पहिलं पातं निघालं की त्याच्या खुणेला धरून दुसरं, तिसरं, सरळ समांतर कडांची पाती सुटत जातात. उरलेल्या गाभ्यावर पन्हाळीसारख्या रेघा राहतात. कणा चुकला तर गोटाच वाया. माझ्या मते त्या काळच्या कारागिरीतला सगळ्यात विचारी टप्पा हाच.

तोवर तांबं आलेलं होतं. प्रवरेकाठच्याच जोर्वे गावी तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या आहेत. पण तांबं दुर्मीळ, गारगोटी नदीकाठी फुकट. म्हणून रोजची कापणी, सोलणी, तासणी पात्यांनीच चालली. लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकाने ती बसवली की विळा तयार.

प्रवरेच्या काठी असं पातं दिसलं तर खिशात घालू नका. जिथे आहे तिथेच त्याचा फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. थरातून उचललेल्या दगडाचं वय सांगणं फार अवघड होऊन बसतं.