तबला, गिटार आणि आपली उपासना

अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यात उपासनेसाठी जमणारी कुटुंबे एका मुलखातली नाहीत. कोणाचे मूळ वसईत, कोणाचे गोव्यात, कोणाचे मराठवाड्यात, तर कोणाचे केरळात. म्हणूनच मिस्सावेळी तबला वाजावा की गिटार, हा वाद आमच्या गायकवृंदात दीर्घकाळ धुमसत राहिला. त्याचे उत्तर आम्हांस देवालयाबाहेर गवसले.

‘शक्ती’ हा वाद्यवृंद आम्ही सेमिनरीत असल्यापासून कॅसेटवर ऐकत आलो. यॉर्कशायरचे गिटारवादक जॉन मॅक्लॉफलिन यांनी विजेवर चालणाऱ्या वाद्यांच्या दणदणीत संगीतात मोठे नाव कमावले होते. ते बाजूस सारून त्यांनी झाकीर हुसेन यांचा तबला, एल. शंकर यांचे व्हायोलिन आणि विक्कू विनायकराम यांचा घटम् यांची संगत धरली. १९७५ साली अमेरिकेत झालेल्या मैफलीचे मुद्रण ही त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका. मॅक्लॉफलिन यांनी आपली गिटारच बदलून घेतली. मींड घेता यावी म्हणून पडद्यांमधील जागा खोलगट कोरविली आणि सतारीच्या तरफांसारख्या जादा तारा आडव्या बसविल्या. दुसऱ्याच्या घरी जाताना आपली पादत्राणे उतरवावीत, तसेच हे नव्हे काय?

येथे केवळ पूर्व-पश्चिमेचा मेळ नव्हता. उत्तरेचा तबला आणि दक्षिणेचा घटम् हेही क्वचितच एका बैठकीत येत.

२०२३ च्या जानेवारीत ‘शक्ती’ मुंबईस आली, तेव्हा गायकवृंदातील काही तरुणांसह आम्ही ती प्रथमच प्रत्यक्ष ऐकली. विनायकराम यांचे पुत्र सेल्वगणेश आता कंजिरा घेऊन बसले होते; शंकर महादेवन गात होते, गणेश राजगोपालन व्हायोलिनवर होते. कॅसेटवर न दिसलेली एक गोष्ट त्या रात्री दिसली : एक वाजवी, तेव्हा उरलेले मन लावून ऐकत.

झाकीरभाई माहीमच्या सेंट मायकल शाळेचे विद्यार्थी. पहाटे वडिलांकडे तालाचे धडे, मग मदरसा, पुढे शाळेत ख्रिस्ती भक्तिगीते, असे आपले बालपण ते सांगत. कोणतेही सूर त्यांना परके वाटले नाहीत.

आपल्यालाही हे नवे नाही. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ख्रिस्तपुराण ओवीत छापले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य स्थान द्यावे, असे सांगितले. मात्र दस्तऐवज वाचून कान तयार होत नाहीत.

१५ डिसेंबर २०२४ रोजी झाकीरभाई निवर्तले. आमचे पहिले श्रवण हेच अखेरचे ठरले. त्या नाताळात आमच्या गायकवृंदात तबला आणि गिटार शेजारी बसले. ताल दोनदा चुकला. पण कोणी कोणाकडे रागाने पाहिले नाही. वादक एकमेकांचे ऐकत होते.