भेटीचा अधिकार : प्रशासन ते न्यायालय

इंग्लंडमध्ये स्थानिक प्रशासनाच्या ताब्यातील मूल प्रतिपालक कुटुंबात गेले की, जन्मदात्यांनी त्याला कधी भेटावे हे दीर्घकाळ प्रशासनच ठरवीत असे. लिव्हरपूल नगरपरिषदेविरुद्ध एका मातेने दाद मागितली. १९८१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने या स्वेच्छाधिकारात हस्तक्षेप नाकारला. १९८३ च्या कायद्याने दार किलकिले केले : भेट पूर्ण बंद झाल्यास न्यायालयात जाता येई, ती विरळ केल्यास मात्र नाही.

या उणिवेचे मर्म कालहरणात होते. भेटी थांबल्या की मूल नव्या घरी रुजे, आणि तो दुरावाच पुढे जन्मदात्यांविरुद्ध पुरावा ठरे. ८ जुलै १९८७ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ब्रिटनला दोषी ठरविले. त्यानंतर १९८९ च्या बालक कायद्यातील ३४ व्या कलमाने 'वाजवी संपर्क' न्यायालयीन नियंत्रणाखाली आणला.

भारतात २०१५ च्या बालन्याय अधिनियमानुसार हा निर्णय बालकल्याण समिती घेते. भेट नाकारताना तिला कारणे नोंदवावी लागतात. परंतु प्रतिपालनविषयक निर्णयांवरील अपील बाल न्यायालयाकडे नव्हे, तर जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे जाते. इंग्लंडने जी वाट सोडली, तिचा काही अंश येथे शिल्लक आहे.