हातांची विद्या : चिनी अंगमर्दनाचा इतिहास



मान आखडली किंवा पाठींत उसण भरली, म्हणजे औषधाची बाटली आठवण्याच्या आधींच मनुष्याचा हात आपोआप दुखऱ्या जागेकडे जातो. दाबणें आणि चोळणें हा वेदनेवरचा अगदीं स्वाभाविक उपाय आहे. म्हणूनच आपणांकडे तो घरांतील वडीलधाऱ्या बायका, न्हावी आणि तालमींतले वस्ताद यांच्या हातीं राहिला. चीन देशांत मात्र या उपायाचें भाग्य मोठें चमत्कारिक ठरलें. त्याला राजदरबारीं मान मिळाला, पुढें तो मान गेला, आणि अखेर विसाव्या शतकांत ही विद्या पुन्हां शाळेच्या बांकावर येऊन बसली. हा चढउतार कां झाला, याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

चिनी वैद्यकाचा आद्य ग्रंथ 'ह्वांग्-दी नेइ-चिंग' या नांवानें प्रसिद्ध आहे. पीतसम्राट आणि त्याचे वैद्य यांच्या संवादाच्या रूपानें रचलेला हा ग्रंथ ख्रिस्तपूर्व शेवटच्या कांहीं शतकांत आकारास आला. त्यांत देशाचे पांच भाग कल्पून प्रत्येकाला एकेक उपचार नेमून दिला आहे. पूर्वेला दगडी सुया, पश्चिमेला औषधें, उत्तरेला वनस्पतीची धग, दक्षिणेला बारीक सुया, आणि मधल्या मुलखाला अंगाचे व्यायाम व मर्दन. मधल्या मुलखालाच मर्दन कां? तर तेथील भूमि सपाट व दमट, अन्न नानाविध आणि अंगकष्ट थोडे. त्यामुळें हातपाय शिथिल करणारीं दुखणीं तेथें उद्भवतात, असें ग्रंथकार सांगतो. दिवसभर मेजाशीं वाकून बसणाऱ्या आपल्या शहरवासीयांना हें निदान फारसें परकें वाटूं नये.

ग्रंथांतील या उल्लेखांस भूमीनेंही साक्ष दिली आहे. हूनान प्रांतांत छांग्शा शहराजवळ मावांगद्वे येथें १९७३ सालीं एक थडगें उकललें. तें ख्रिस्तपूर्व १६८ मध्यें बंद केलेलें होतें. त्यांत रेशमी वस्त्रावर रंगविलेला एक पट सांपडला. त्यावर ४४ स्त्रीपुरुषांच्या आकृति निरनिराळे अंगव्यायाम करीत आहेत. देह वांकवून, ताणून आणि दाबून बरा करण्याची कल्पना तेथें किती रुजलेली होती, हें त्यावरून दिसतें.

या विद्येचा सुवर्णकाळ म्हणजे थांग राजवंशाचा काळ, इ. स. ६१८ ते ९०७. राजवैद्यशाळेच्या चार विभागांपैकीं एक स्वतंत्र विभाग मर्दनाचा होता. त्यांत एक आचार्य, ४ मर्दनवैद्य, १६ कारागीर आणि १५ विद्यार्थी असावेत, असा सरकारी नियमच होता. चोळणाऱ्याला आचार्यपद आणि त्याच्या शिष्यांना राजमान्यता! जपाननें इ. स. ७०१ मध्यें आपली दंडसंहिता व राज्यघटना चिनी नमुन्यावर रचली, तेव्हां त्यानेंही दरबारीं मर्दनाचा आचार्य नेमला.

याच काळांतील एक गोष्ट आपणां भारतीयांच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. सुन् सिमियाओ नांवाच्या थोर वैद्यानें इ. स. ६५२ च्या सुमारास एक महान् वैद्यकग्रंथ रचला. त्यांत त्यानें 'तिएन्-जू' म्हणजे हिंदुस्थान देशाची मर्दनपद्धति दिली असून ती ब्राह्मणांची पद्धति होय असें स्पष्ट म्हटलें आहे. तिचे १८ प्रकार आहेत. हात एकमेकांत गुंफून पिळणें, मुठी वळणें, पाठ वांकविणें, पाय ताणणें अशा क्रिया त्यांत येतात. बौद्ध भिक्षूंच्या वाटेनें केवळ सूत्रें आणि मूर्तिच गेल्या नाहींत. देहाला आराम देण्याचें ज्ञानही त्या वाटेनें प्रवास करीत होतें.

पुढें मात्र दिवस पालटले. सुंग काळांतील राजवैद्यसंस्थेंत मर्दनाचा विभाग उरला नाहीं. मिंग काळांत १३ विभागांमध्यें त्याला पुन्हां जागा मिळाली, पण १५७१ मध्यें ती काढून घेण्यांत आली. त्याच वेळीं मंत्रतंत्राचा विभागही बंद झाला. ज्या दोन विद्यांचा परस्परांशीं कांहीं संबंध नव्हता, त्या एकाच लेखणीच्या फटक्यानें बाहेर गेल्या! वैद्य म्हणजे ग्रंथ वाचणारा, नाडी पाहणारा आणि औषधाची चिठ्ठी लिहिणारा विद्वान्, अशी समजूत तोंवर दृढ झाली होती. परक्या देहाला हात लावून घाम गाळणें हें विद्वानाच्या प्रतिष्ठेस शोभणारें नव्हतें.

आपल्या 'मृच्छकटिक' नाटकांतील संवाहक येथें आठवतो. अंग चेपण्याची विद्या आपण कला म्हणून शिकलों, पण पुढें तीच पोटाचा धंदा झाली, अशी त्याची खंत आहे. चिनी मर्दनकाराचीही गत तीच झाली. त्याची विद्या न्हाव्याच्या दुकानांत आणि स्नानगृहांत जाऊन राहिली.

तरीही ती मेली नाहीं. दोन आश्रयांनीं तिला तारलें. पहिला आश्रय लहान मुलांचा. कडू काढा न घेणाऱ्या बालकाचे तळहात, बोटें व बाहू विशिष्ट रीतीनें चोळण्याची पद्धति मिंग काळांत भरभराटीस आली, आणि याच बालचिकित्सेंत 'थ्वेइ-ना' हें नांव रूढ झालें. 'थ्वेइ' म्हणजे ढकलणें, 'ना' म्हणजे पकडणें. दुसरा आश्रय हाडवैद्यांचा. १७४२ सालीं बादशहाच्या आज्ञेनें सिद्ध झालेल्या वैद्यककोशांत हाडें बसविण्याच्या ८ हस्तक्रिया सांगितल्या आहेत. चांचपणें, जुळविणें, उचलणें यांबरोबरच दाबणें, चोळणें, ढकलणें व पकडणें यांचाही त्यांत समावेश आहे. मान व पाठ यांच्या उपचाराचा धागा येथें टिकून राहिला.

विसाव्या शतकांत संकट आलें तें साऱ्याच जुन्या वैद्यकावर. फेब्रुवारी १९२९ मध्यें नानकिंग सरकारच्या मध्यवर्ती आरोग्य समितीनें देशी वैद्यक बंद करण्याचा ठराव केला. १७ मार्च रोजीं देशभरांतील वैद्य शांघायला जमले व त्यांनीं असा विरोध केला कीं तो ठराव अंमलांत आला नाहीं.

त्याच शांघाय शहरांत मर्दनविद्येचा नवा अध्याय सुरू झाला. यांगचौ येथील दिंग् घराण्यांत 'एका बोटाचें छान' नांवाची पद्धति चालत आली होती. हा 'छान' शब्द आपल्या 'ध्यान' शब्दाचेंच चिनी रूप. आंगठ्याच्या टोंकावर चित्त एकवटून सूक्ष्म झोके द्यावयाचे, अशी ती रीत. परंतु पाठीसारख्या विस्तृत आणि जाड स्नायूंच्या भागास आंगठा पुरा पडेना. तेव्हां याच घराण्यांतील दिंग् जी-फू यांनीं १९४० नंतरच्या दशकांत 'गुन्-फा' म्हणजे लाटण्याची क्रिया प्रचारांत आणली. हाताच्या पाठीचा करंगळीकडील भाग रुग्णाच्या देहावर टेकवावयाचा आणि मनगटाच्या झोक्यानें, पोळपाटावर लाटणें फिरावें तसा, तो मागेंपुढें लाटावयाचा. घासावयाचें नाहीं. मिनिटास सुमारें १२० ते १६० झोके पडतात. मान, खांदे व कंबर यांच्या दुखण्यांवर ही क्रिया आज चीनभर रूढ आहे.

१९५६ सालीं शांघायमध्यें थ्वेइ-नाचा शिक्षणवर्ग निघाला आणि १९५८ मध्यें स्वतंत्र शाळा उघडली. येथील शिक्षणाचा एक प्रकार मला शिक्षक या नात्यानें फार मोलाचा वाटतो. विद्यार्थ्याला आरंभींच माणसाच्या पाठीवर हात ठेवूं देत नाहींत. त्याला तांदुळाची एक लहान पिशवी देतात. तिच्यावर तो महिनोन् महिने आंगठा व मनगट घटवितो. जोर असावा पण आघात नसावा, ताल असावा पण खंड नसावा, हें पुस्तक वाचून येत नाहीं. तें पिशवीच शिकविते.

पूर्वीं जपानांत हा व्यवसाय अंधांच्या उपजीविकेचें मोठें साधन झाला होता. चीनमध्येंही १९५० च्या दशकापासून अंधांना मर्दनाचें पद्धतशीर शिक्षण मिळूं लागलें. बी फेइ-यू यांची २००८ सालची 'थ्वेइ-ना' ही कादंबरी अशाच अंध मर्दनकारांच्या जीवनावर आहे. तिला २०११ मध्यें माओ दुन् पारितोषिक मिळालें.

आतां गुणदोषांचा निवाडा. देहांतील प्राण व रक्त यांचा प्रवाह अडला कीं वेदना होते, अशी जुनी चिनी उपपत्ति. आधुनिक वैद्यक ती शब्दशः मानीत नाहीं. परंतु ताठर स्नायू सैल होतात व कांहीं काळ वेदना कमी होते, हें मान्य करतें. २०१५ सालीं कोक्रेन या संस्थेनें सर्व प्रकारच्या मर्दनाचे कंबरदुखीवरील २५ प्रयोग तपासले. त्यांत थोड्या काळापुरता आराम दिसला, पण पुरावा दुबळाच ठरला. ज्याचें हाड मोडलें आहे, अंगांत ताप आहे, हातापायांतील शक्ति जात आहे किंवा लघवीवरचा ताबा सुटला आहे, त्यानें मर्दनकाराकडे न जातां डॉक्टर गांठावा. मानेला एकदम हिसका देणें तर धोक्याचेंच; त्यानें मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीस क्वचित् इजा होऊन पक्षाघातही ओढवतो.

जी विद्या लेखणीनें लिहितां येत नाहीं, ती हलकी ठरवावी, असा मोह प्रत्येक सुशिक्षित समाजास होतो. त्या मोहानें चीनमध्यें एका उपयुक्त कलेची परीक्षाच शेंकडों वर्षें झाली नाहीं. ती खरी किती आणि खोटी किती, हें कळण्यासाठींही तिला शाळेंत यावें लागलें. आपल्या समाजांतही अशा हातांच्या विद्या पुष्कळ आहेत. त्यांची पूजा करूं नये आणि हेटाळणीही करूं नये. त्यांना आदरानें बांकावर बसवावें आणि मग निःशंकपणें प्रश्न विचारावेत.